वारा बघून चालायचं

निघायच्या महिनाभर आधी ताईचा निरोप आला : “निळं काही आणू नकोस. काळंही नको. आणि ती तुझी पांढरी टोपी घरीच ठेव.”

ताई म्हणजे माझी मावसबहीण. भावजींच्या नोकरीपायी लुसाकाला गेली आणि झांबियाचीच होऊन बसली. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिनं एकच धोशा लावला होता, “ये, तुला लुआंग्वाचं जंगल दाखवते.” ताडोबा, पेंच, कान्हा माझं बघून झालं होतं. जंगल ते जंगल, असं मी फोनवर म्हणाले तर ती हसली. “तिथे जीपमध्ये बसून राहायचं नाहीये बाई. चालायचंय.”

निळ्या-काळ्या रंगांचं कारण त्सेत्से माशी. हे दोन रंग तिला ओढून आणतात. पुढे जंगलाच्या वाटेवर झाडांना टांगलेली निळी-काळी फडकी दिसली, ते त्या माश्यांचे सापळे होते. ही माशी कपड्यावरून चावते आणि चावली की माणूस अक्षरशः टुणकन उडतो. निद्रारोग पसरवणारी ती हीच, त्यामुळे चेष्टेवारी नेण्यासारखं प्रकरण नाही. पांढरा रंग नको, कारण तो जनावरांना लांबून दिसतो. राहिला तो मातकट, खाकी आणि विटका हिरवा. नाशिकच्या दुकानांत बायकांसाठी या रंगांत धड काही मिळेना, शेवटी भावाच्या कपाटातले जुने शर्ट उचलले. लहान विमानात कडक सूटकेस चालत नाही, म्हणून मऊ पिशवी. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू केल्या. सप्टेंबरचा महिना होता.

मुंबईहून आदिस अबाबामार्गे लुसाका, आणि तिथून ताईला घेऊन छोट्या विमानानं मफुवे. या शेवटच्या टप्प्यात मी खिडकीची काच सोडली नाही. वर्षानुवर्षं भूगोलाच्या तासाला फळ्यावर खडूनं जी नागमोडी वळणं आणि नालाकृती सरोवरं काढत आले, ती खाली खरीखुरी पसरली होती. लुआंग्वा नदी पुढे जाऊन झांबेझीला मिळते. तिच्यावर धरण नाही. खचदरीच्या सपाट तळातून, भुसभुशीत मातीतून ती वाहते. दर पावसाळ्यात वळणाची बाहेरची दरड खाते, आतल्या बाजूला वाळू टाकते, आणि एखाद्या वर्षी वळणाची मान कापून सरळ निघून जाते. मागे राहतो पाण्याचा अर्धगोल तुकडा. तिथले लोक त्याला लगून म्हणतात. पाऊस संपून काही महिने झाले की यातले बरेच सुकतात, आणि सगळी जनावरं उरलेल्या पाण्याकडे, म्हणजे नदीकडे सरकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात लोक तिथे जातात ते एवढ्याचसाठी.

मफुवेपासून नदीवरच्या पुलापर्यंत वस्ती आहे. कापणी झालेली मक्याची शेतं, सायकलवर कोळशाची पोती बांधून चाललेली माणसं, हात हलवणारी पोरं. पूल ओलांडला की दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे 9,050 चौरस किलोमीटर, राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1972 सालचा. उघड्या गाडीतून कितीतरी वेळ हाडं खिळखिळी करून घेतली, तेव्हा आमचा तळ आला.

तळ म्हणजे नदीच्या उंच काठावर, एबनीच्या झाडांखाली मोजके कॅनव्हासचे तंबू, गवतानं शाकारलेली जेवणाची एक उघडी शेड आणि काठालगत शेकोटीची जागा. एबनी हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड, पण उंची आणि सावली दांडगी. भिंत नाही, कुंपण नाही, चर नाही. पावसाळ्यात हा सगळा भाग पाण्याखाली किंवा चिखलात जातो, रस्ते बंद पडतात. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी तळ मोडतात आणि मे-जूनमध्ये पुन्हा उभारतात. गेल्या वर्षी शेकोटी जिथे होती ती जागा आता नदीत आहे, असं तिथल्या व्यवस्थापक बाई अगदी सहज सांगून गेल्या.

तंबूत दोन खाटा, मच्छरदाणी, सौर दिवा. मागच्या बाजूला बोरूच्या कुडाचा आडोसा, त्याला छप्पर नाही. तिथे संडास, आणि दोरीनं वर चढवलेल्या बादलीची अंघोळ. बादलीला खाली झारी लावलेली, सांगितलं की गरम पाणी भरून देतात. युरोपातून आलेल्या पाहुण्यांना या बादलीचं भारी अप्रूप. एका बादलीत केसांसकट अंघोळ उरकणाऱ्या आम्हा दोघींना त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

नियम मात्र मुकाट ऐकून घेतले. अंधार पडल्यावर एकट्यानं तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवायला न्यायला आणि परत सोडायला टॉर्च घेऊन पहारेकरी येणार. खाण्याची एकही वस्तू तंबूत ठेवायची नाही, बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. तंबूत शिट्टी आहे, ती खऱ्या अडचणीतच वाजवायची. ताईनं यात स्वतःची एक भर घातली, “रात्री पाणी कमी पी.”

पहिल्या रात्री झोप लागली नाही. पाणघोडे दिवसभर पाण्यात पडून असतात आणि अंधार पडला की चरायला वर येतात. एका रात्रीत चाळीसेक किलो गवत खातात म्हणे. त्यातलं बरंचसं आमच्या तंबूभोवतीचं असावं. ओठांनी गवत उपटल्याचा करकर आवाज, मग चावणं, मग जड श्वास, आणि हे सगळं कापडापलीकडे हातभरावर. ताई घोरत होती. सकाळी मी गाइडना विचारलं, की कापड फाडून ते आत का येत नाहीत? ते म्हणाले, “त्यांच्या लेखी तंबू म्हणजे एक मोठा दगड. दगडाला वळसा घालून जायचं. तुम्ही दगडातून बाहेर आलात तर मात्र गोष्ट वेगळी.”

उजाडण्याआधी तंबूबाहेर “मुली ब्वांजी?” म्हणजे ‘कशा आहात?’ अशी हाक येते आणि गरम पाण्याचं भांडं ठेवलं जातं. शेकोटीपाशी मक्याची लापशी, निखाऱ्यावर भाजलेला पाव, चहा. सहाच्या सुमारास चालायला लागायचं, कारण दहानंतर ऊन पाय उचलू देत नाही.

निघण्याआधी गाइडनी पाच मिनिटं बोलून घेतलं. एकामागून एक, एका रांगेत चालायचं. बोलायचं नाही. त्यांनी मूठ वर केली की जागच्या जागी थांबायचं. झाडामागे व्हा म्हटलं की व्हायचं, का ते नंतर विचारायचं. आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. रांगेत सर्वांत पुढे वन्यजीव खात्याचा रायफलधारी स्काउट, त्यामागे गाइड, मग आम्ही पाहुणे आणि शेवटी चहाचं सामान पाठीवर घेतलेला माणूस. सहा-सात पाहुण्यांपेक्षा मोठी रांग करत नाहीत, बारा वर्षांखालची मुलं नेत नाहीत. गाइडच्या हातात काठीशिवाय काही नव्हतं. आमच्यातल्या एकानं रायफलीबद्दल विचारलंच. गाइड म्हणाले, “ती झाडावी लागली, तर त्या दिवशी माझं काम फसलं असं समजा.”

या वाक्याचा अर्थ मला लगेच कळला नाही. पहिल्या दिवशी मीसुद्धा सिंह कुठे, हत्ती कुठे, याच नजरेनं बघत होते. आणि दिसलं काय, तर वाळू. नदीकाठची वाळू रात्रभराच्या ये-जा नोंदवून ठेवते. सिंहाच्या पंजाला मागच्या बाजूला तीन गोलसर फुगवटे असतात, नखं उमटत नाहीत, तरसाची उमटतात. तरसाची वाळलेली विष्ठा खडूसारखी पांढरी, कारण ते हाडं चावून खातं आणि हाडातला चुना तसाच बाहेर पडतो. हत्तीचा पुढचा पाय गोल, मागचा लांबट. पुढच्या पावलाचा घेर मोजून दुप्पट केला की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची साधारण कळते. गाइडनी खिशातून दोरी काढून एका ठशाभोवती फिरवली, दुप्पट करून माझ्या डोक्याच्या कितीतरी वर धरली आणि काही न बोलता दोरी पुन्हा खिशात घातली.

पाणघोड्यांच्या वाटा तर पायाखालीच होत्या. रोज रात्री त्याच मार्गानं वर येऊन काठाच्या दरडीत त्यांनी खोल घळी पाडल्यात. चालायला या वाटा फार सोप्या. म्हणूनच सकाळी गाइड त्यांच्यावरून नेत नव्हते, मुद्दाम बाजूच्या काट्याकुट्यातून काढत होते. उशिरा परतणारा पाणघोडा त्या घळीतून येतो. तो आणि पाणी यांच्यामध्ये माणूस उभा असला तर तो वळसा घालत नाही.

काठापासून आत गेलं की माती काळी. तीच ती, कापसाची. पावसाळ्यात हत्ती तिच्यात गुडघ्याएवढे रुततात, आणि उन्हाळ्यात ती खड्ड्यांसकट दगड होऊन बसते. पाऊल नीट बघून टाकलं नाही तर घोटा गेलाच. माझे गुडघे काही वाघिणीचे नाहीत, पण मला सर्वांत जास्त छळलं ते या मैदानांनी, सिंहांनी नाही. सावलीला यावं तर मोपानेचं रान. त्याची पानं दुपारच्या उन्हात मिटून कडेवर उभी राहतात, झाड असून सावली नाही. चिंच दिसली तेव्हा मात्र जीव थंड झाला. मोठी, जुनी, वाकड्या फांद्यांची. मी ताईला खुणेनं दाखवली. नंतर चहाच्या वेळी गाइडनी सांगितलं की चिंच मुळात आफ्रिकेचीच. मला हे माहीत होतं, शिकवलंही होतं, पण ती गावच्या पारावरून उचलून कुणी इथे आणून लावली असावी ही भावना काही केल्या जाईना.

मग तो हत्ती.

एका सुकलेल्या लगूनच्या पलीकडे विंटर थॉर्न नावाची बाभळीच्या जातीची मोठी झाडं होती. या झाडाचं सगळं उलटं. पावसात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं राहतं. सप्टेंबरात त्याच्या पिवळसर, पिळलेल्या शेंगा पडायला लागतात आणि हत्ती त्यासाठी येतात. एक मोठा नर एकटाच शेंगा वेचत होता. गाइडनी मूठ वर केली, खिशातून राखेची छोटी पुरचुंडी काढून झटकली. राख आमच्या डाव्या अंगाला गेली. त्यांनी स्काउटकडे बघितलं, दोघांनी मान हलवली, आणि आम्ही हत्तीकडे न जाता त्याच्यापासून दूर चालायला लागलो. लांबलचक वळसा घालून, दोनदा राख झटकून, वाळवीच्या एका जुन्या वारुळाआड पोचलो. तिथे आम्हाला बसवलं. मध्ये लगूनचा कोरडा खळगा, शंभर-सव्वाशे पावलांचं अंतर, आणि वारा त्याच्याकडून आमच्याकडे.

आम्ही बसून राहिलो. तो शेंग सोंडेच्या टोकानं उचलायचा, क्वचित झटकायचा, तोंडात टाकायचा. कान हलायचे. एकदा त्यानं कपाळ झाडाला टेकवून खोड हलवलं, शेंगांचा सडा पडला, पुन्हा वेचणं सुरू. इतका वेळ एखाद्या प्राण्याकडे मी कधी बघितलं नव्हतं, कारण इतका वेळ कुणी बघू दिलं नव्हतं. मग गाइडनी पुन्हा राख झटकली. ती सरळ खाली न पडता किंचित पुढे सरकली. त्यांनी लगेच उठायची खूण केली. आम्ही आलो तसे मागे निघालो. वळून पाहिलं तर त्यानं सोंड उचलून हवेत एकदा फिरवली होती, पण पुढच्या क्षणी ती परत खाली गेली.

पुरेसे लांब आल्यावर गाइड म्हणाले, “त्यानं खाणं सोडलं नाही.” एवढंच. पण चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी ताडोबात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. तिथे वाघीण रस्त्यावर येते, जिप्सी पुढे-मागे होतात, वाघिणीला रस्ता ओलांडायला जागा राहत नाही, आणि जितकं जवळ तितकी सफारी वसूल. दोष चालकांना देऊन उपयोग नाही. आपण पाहुणे तेच मागतो, त्यावरच बक्षिसी देतो. इथे गाइडचं सगळं कसब जवळ न जाण्यात खर्च होत होतं. किती लांब थांबलं म्हणजे जनावराचं आपल्याशिवायचं आयुष्य तसंच चालू राहील, याचा हिशेब. आणि तो हिशेब दर काही मिनिटांनी बदलतो, कारण वारा बदलतो.

हे चालणं इथे सुरू झालं त्याचं श्रेय नॉर्मन कार यांना देतात. हा देश उत्तर ऱ्होडेशिया होता तेव्हा ते तिथल्या वन्यजीव खात्यात होते. 1950 च्या सुमारास त्यांनी नसेफू या स्थानिक प्रमुखांना गळ घातली, की तुमच्या जमातीच्या जमिनीतला काही भाग प्राण्यांसाठी राखा, बघायला लोक येतील आणि पैसा तुमच्या लोकांना मिळेल. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन जंगलात जायचं हे त्या काळात अनेकांना खुळचटपणाचं वाटलं असणार. पाहुण्यांना पायी नेण्याची रीत त्यांनी इथेच बसवली आणि पुढे ती आफ्रिकाभर गेली. अर्थात म्हणून सगळं छान झालं असं नाही. 1970 आणि 80 च्या दशकांतल्या चोरट्या शिकारीत या खोऱ्यातले हत्ती प्रचंड संख्येनं मारले गेले आणि काळा गेंडा तर नामशेषच झाला. 2003 पासून शेजारच्या उत्तर लुआंग्वात गेंडे पुन्हा आणून सोडलेत. दक्षिणेत, आम्ही चाललो तिथे, ते नाहीत.

अंतर चुकलं तर काय होतं तेही पाहायला मिळालं. एका सकाळी झुडपांच्या दाट पट्ट्याच्या कडेनं जाताना स्काउट एकदम थांबला. पुढे एका पक्ष्याची चिरकी, खरखरीत ओरड झाली होती. आम्हाला ती ऐकूही आली नसती. ऑक्सपेकर नावाचा हा पक्षी रानरेड्यांच्या अंगावर बसून गोचिड्या खातो आणि काही दिसलं की ओरडतो. स्काउटची रायफल खांद्यावरून हातात आली. गाइडनी मागे न बघता तळहात खाली दाबला आणि मग एका एबनीच्या खोडाकडे बोट केलं. आम्ही सगळे त्यामागे. झुडपांतून एक म्हातारा रेडा बाहेर आला. कळपातून सुटलेले हे एकटे नर सर्वांत बेभरवशाचे. अंगावर वाळलेला चिखल, कपाळावर शिंगांचं जाडजूड टोप. तीस पावलं असतील. त्यानं नाक वर करून आमच्याकडे बघितलं. ताईनं माझं मनगट धरलं होतं, तिच्या बांगडीचा वळ दुपारपर्यंत राहिला. मग तो फुरफुरला आणि वळून झुडपं मोडत निघून गेला.

आमच्यातल्या कॅमेरावाल्या गृहस्थांना आनंद आवरेना. एवढ्या जवळून! गाइड काही हसले नाहीत. स्काउटशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलत राहिले, जमिनीवर काठीनं रेघा ओढून दाखवल्या, वाट कुठून काढायला हवी होती त्याच्या असाव्यात. मग चहासाठी थांबलो. माझा कप बशीत वाजत होता म्हणून मी बशी खाली ठेवून दिली.

परत तळावर आलं की जेवण, आणि मग ऊन उतरेपर्यंत काही नाही. खाण्याची मला काळजी होती. ताईनं शाकाहाराचं आधीच कळवलेलं, तरी जंगलात काय मिळणार? मिळाला तो नशिमा, ज्वारीच्या घट्ट उकडीसारखा, पण पांढऱ्या मक्याच्या पिठाचा. हातानं गोळा करायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि भाजी उचलायची. पाहुण्यांसाठी वेगळं पाश्चात्त्य जेवण होतंच, आम्ही मात्र मुदपाकखान्यातल्या लोकांचं मागून घेतलं. भोपळ्याच्या पानांची भाजी, तिच्यात भरपूर शेंगदाण्याचं कूट. मी दोनदा वाढून घेतली. ताईनं लुसाकातल्या गुजराती दुकानातून आणलेल्या हिरव्या मिरच्या आचाऱ्याकडे दिल्या तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, “आमच्याकडे मिरची हत्तींसाठी!”

ते खरंच होतं. गाइड उद्यानाबाहेरच्या एका गावातले, कुंडा समाजाचे. मका तयार होतो त्या दिवसांत हत्ती नदी ओलांडून शेतात येतात. तेव्हा शेताच्या कडेला हत्तीच्या शेणात मिरचीपूड कालवून केलेल्या विटा धुमसत ठेवतात. धूर नाकात गेला की हत्ती फिरतात. बहुतेकदा. आंब्याच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या आसपास, ते आंब्यांसाठीही येतात. मफुवेला तर एका लॉजच्या बांधकामात जुनं रानआंब्याचं झाड आतल्या चौकात राहिलंय आणि हत्ती स्वागतकक्षाच्या पायऱ्या चढून, टेबलापुढून त्या झाडाकडे जातात. गाइडची आई म्हणते, तुझे पाहुणे हत्ती बघायला पैसे देतात, त्यांना सांग माझ्या अंगणात या, फुकट दाखवते. ते हे हसत सांगत होते, पण पुढे म्हणाले की शेजारच्या घराचं वर्षाचं धान्य एका रात्रीत गेलं होतं. त्यावर आम्ही दोघी काय बोलणार?

गाइड होण्यासाठी लेखी परीक्षा असते, मग प्रत्यक्ष. पायी नेणाऱ्यांची वेगळी आणि अवघड. ते ज्या पहिल्या वर्षी बसले त्या वर्षी नापास झाले होते. पक्ष्यांत. ते इतक्या मोकळेपणानं सांगितलं की मला माझ्या शाळेतली कितीतरी मुलं आठवली, ज्यांना मी हे ऐकवायला हवं.

पक्ष्यांवरून सांगते. काठाच्या उभ्या दरडीत कार्माइन बी-ईटरची वसाहत होती, आपल्या वेड्या राघूचे लाल-गुलाबी भाऊबंद. ऑगस्ट-सप्टेंबरात ते इथे येतात आणि नदीनं नुकत्याच कापलेल्या मऊ दरडीत खोल बिळं कोरून अंडी घालतात. नदीनं काठ खाल्ला नाही तर त्यांना ताजी दरड मिळणार नाही. म्हणजे तळाची शेकोटी नदीत गेली ती यांच्या कामी आली असेल. वरून बघायला गेलं तर दरड ढासळते, बिळं बुजतात, म्हणून गाइडनी लांबून फिरवून समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर नेलं. शेकडो पक्षी, एकाच वेळी उठायचे आणि बसायचे. दरडीच्या पायथ्याशी, पाण्यात, एक मगर तोंड वर करून पडली होती. खाली पडणाऱ्या पिलांची वाट बघत असावी, पण अजून पिलांना अवकाश होता.

जिराफ मात्र रोज दिसले. इथली जात थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ, जगात फक्त या खोऱ्यात. पायी चालणाऱ्या माणसाकडे जिराफ टक लावून बघतो, त्याला लपून काही उपयोग नसतो. आपणच बघितले जातो. संध्याकाळी कधी गाडीनं फेरी व्हायची, अंधार पडल्यावर दिवा फिरवत. झांबियात रात्रीच्या फेऱ्यांना परवानगी आहे. बिबट्या दिसला तो असाच, गाडीतून, वाळूवर चालत जाताना. ताई खूश. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. पण तो दिव्याच्या झोतात होता आणि डोळे बारीक करून तोंड फिरवत होता.

हे सगळ्यांसाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. आमच्याबरोबरचं एक जोडपं दुसऱ्या देशातून गाडीतल्या सफाऱ्या करून आलं होतं. त्यांनी जेवताना उघडच तक्रार केली, की पायी फार कमी दिसतं. खरं आहे. सिंह आम्हाला चालताना दिसले ते फक्त ठशांत, आणि एकदा त्यांची डरकाळी पहाटे तंबूत ऐकू आली, इतकंच. लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन फोटोंसाठी जाणार असाल तर गाडीच बरी. तीन-चार तास खडबडीत जमिनीवर न बोलता चालायची तयारी नसेल तर नकोच. आणि स्वस्तही नाही. वर्षातले पाच-सहा महिने चालणारा, दरवर्षी नव्यानं बांधायचा तळ, मूठभर पाहुणे आणि त्यांच्यामागे पाहुण्यांपेक्षा जास्त माणसं, हा खर्च कुठून तरी निघणारच. ताईला तिथे राहणाऱ्यांचा सवलतीचा दर मिळाला. मी माझ्या भविष्यनिर्वाह निधीकडे बघितलं नाही.

परतीच्या विमानात ताईनं पुढचं ठरवायला घेतलं. तिला जून हवाय. थंडी असते, नदी रुंद असते, गवत हिरवं असतं, चालायला त्रास नाही. मी म्हटलं, जूनमध्ये तुझे ते लाल पक्षी कुठे असतात? आणि गवत उंच असलं तर रेडा दिसणार कसा? ती म्हणाली, म्हणजे तुला चाळीस अंशांत चालायचंय. लुसाका येईपर्यंत आमचं काही जमलं नाही.